मांडीवर पोर, पुढ्यात रहाट

माझी थोरली मुलगी आणि तिच्या पाठचा मुलगा, दोघांत अंतर तेरा महिन्यांचं. दोघं शेजारी उभी राहिली की बाया विचारायच्या, "जुळी हायती का गं?" मी म्हणायची, "न्हाय बाई, घाई झाली." त्या हसायच्या, मीही हसायची. पण त्या घाईपायी मी मरता मरता वाचले होते. आणि घाई माझी नव्हती की मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नव्हती. ती एका गोळीची होती, मोहरीएवढ्या काळ्या गोळीची. हे कळायला मला दोन बाळंतपणं लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

स्वराज्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. सोलापुरात तेव्हा निम्मं गाव भोंग्यावर उठायचं. आम्ही दोघंही एकाच गिरणीत. मालक विणकामाच्या खात्यात, मी रिळाच्या खात्यात. चाळीत एक खोली, पुढं हातभर ओटा, आणि घरात सासूबाई. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणायचं. आत्याबाईंचा आवाज असा, की त्या ओट्यावर बोलल्या तर नळावरच्या बाया मागं वळून बघायच्या. मीही काही गरीब गाय नव्हते. आमचं भांडण सुरू झालं की मालक टोपी घालून बाहेर जायचे.

थोरली झाली आणि सव्वा महिन्यानं मी परत कामावर गेले. न जाऊन करते काय? पोरीला आत्याबाई सांभाळायच्या. म्हणजे सकाळी मी दूध पाजून निघाले की त्या डबीतून एक बाळगोळी काढायच्या, बोटावर घासायच्या आणि पोरीच्या तोंडात बोट घालायच्या. बाळगोळीत अफू असायची. हे चोरून मारून नव्हे हं, सगळ्या चाळीत तसंच चालायचं. गोळी दिली की पोर दिवसभर गपगार झोपायचं आणि म्हातारीला चार कामं सुचायची. मधे उठलंच तर पाणी घातलेलं गाईचं दूध पळीनं घालायचं. आया गिरणीत, पोरं झोपेत. एखादं पोर कधी कधी उठायचंच नाही. मग बाया म्हणायच्या, "नशीब तेचं."

तिकडं गिरणीत माझी काय दशा? दहा वाजले की छाती दगडासारखी टणक व्हायची. चोळी भिजायची. मग खात्यातली नायकीण, म्हणजे आमच्यावरची मुख्य बाई, डोळ्यानं खूण करायची. आम्ही दोघी-तिघी मागच्या मोरीवर जाऊन, भिंतीकडं तोंड करून दूध पिळून टाकायचो. पोरीच्या वाटचं दूध मोरीत! आज आठवलं तरी जिवाची तगमग होते. दोन महिन्यांत दूध आपसूक कमी झालं. मला वाटलं, सुटले बाई, आता दुखत नाही.

पाळी तेव्हा आली नव्हती. आत्याबाई म्हणायच्याच, "अंगावर पाजतीया तवर बाईला दुसरं ऱ्हायाचं भ्या न्हाय." सकाळी भोंग्याआधी पाजत होते, संध्याकाळी आल्यावर पाजत होते, निजताना पाजत होते. म्हणजे पाजतच होते की! मी निर्धास्त. आणि एक दिवस नळावर कळशी भरता भरता पोटात काहीतरी हललं. पाळी न येताच मला चार महिने झाले होते. मी कळशी तिथंच ठेवली आणि ओट्यावर येऊन बसले. पोर मांडीवर होतं, गोळीच्या गुंगीत.

दुसरं बाळंतपण म्हणजे काय होतं ते सांगत नाही. तीन दिवस अडले. शेवटी मालकांनी टांगा आणून दवाखान्यात नेलं. अंगातलं सगळं रक्त गेलं म्हणतात. मुलगा झाला, जगला, लहानखुरा होता पण रडायला खणखणीत. मी मात्र पंधरा दिवस खाटेवर. घरी जाताना डॉक्टरीणबाई माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तीन वर्षं पोटात मूल राहता कामा नये. राहिलं, तर या दोन लेकरांना आई उरायची नाही."

राहू नये म्हणून करायचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. असलं काही विचारायला जीभच रेटत नव्हती. टांग्यात बसल्यावर मात्र राग आला. मरशील म्हणून सांगायला शिकलेली बाई कशाला हवी, ते मला दिसतच होतं.

घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पाजत ऱ्हा म्हंजी झालं."

"पहिलीला काय भाकरी चारत हुते का? पाजतच हुते की!"

"मग तुज्या दुधातच खोट आसंल."

झालं! बाळंतीण बाई मी, अंगात उभं राहायची ताकद नाही, तरी उठून बसले. दुधात खोट? बाईला याहून वाईट ते काय बोलायचं? पण खरं सांगते, रागामागं भीती होती. माझ्या दुधातच खोट असेल, तर मग मी मेलेच की. मग एकदीड वर्षात तोच टांगा, तीच खाट. भिंतीकडं तोंड करून मी रडले आणि पोराला छातीशी लावलं.

आमच्या चाळीमागच्या बोळात एक तेलुगू विणकर कुटुंब होतं. घरातच माग, घरातच संसार. त्या घरच्या बाईला मी अक्का म्हणायची. बाळंतिणीला बघायला म्हणून ती आली, चारी पोरं घेऊन. थोरली तिघं ओळीनं भिंतीला टेकून बसली, धाकटं तिच्या मांडीवर, आणि मी बघतच राहिले. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशी. एकेकात तीन-तीन वर्षांचं अंतर.

आत्याबाई चुलीपाशी गेल्या तसं मी हळूच विचारलं, "अक्का, तुमी कुटलं औषध घेता?"

"कशाचं?"

"पोरं अशी लांब लांब हुयाचं."

अक्का इतकी हसली की तिच्या मांडीवरचं पोर दचकलं. "औषध? खुळी हाईस का तू? आमाला सुताच्या कांड्या भरायला सवड न्हाय, औषध कुटनं घिऊ?"

"मग?"

"मग काय? मी रहाटापाशी बसते. पोर मांडीवर. ते मागतंय, मी देते. येवढंच."

मला ते खरं वाटेना. मीही देतच होते. पण तिनं काही लपवलंय असंही वाटेना. सव्वा महिना झाला, फिरता येऊ लागलं, तसं मी बाळाला घेऊन एक दिवसभर तिच्या घरी जाऊन बसले. खरं तर पाळतीवरच बसले म्हणा.

खड्ड्यात पाय सोडून तिचा नवरा मागावर. बाजूला ती रहाटावर. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं, आणि ते सूत बोटाएवढ्या पोकळ कांडीवर गुंडाळत जायचं. भरलेली कांडी मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात बसते. रिकाम्या कांड्यांची टोपली माझ्याजवळ होती. मी मनाशी ठरवलं, तिचं पोर छातीला लागलं की एक रिकामी कांडी बाजूला ठेवायची.

तिचं धाकटं दहा महिन्यांचं. रांगत जायचं, मागाखाली लुडबुडायचं, परत यायचं, पदरात तोंड घालायचं, दोन घोट प्यायचं की चाललं. अक्का चाक थांबवायचीही नाही. मी एक कांडी बाजूला ठेवायची. दुपारी ते तिच्या मांडीवरच तोंडात धरून झोपलं. आणखी एक कांडी. दिवेलागणीला मोजल्या तर चौदा.

"हे काय करतीस?" अक्कानं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "रातच्या धर की मग. रातच्या येगळ्या हाईत."

मी त्या चौदा कांड्यांतल्या तीन उचलल्या आणि हातात धरल्या. माझ्या थोरलीच्या वाट्याला दिवसाकाठी एवढंच आलं होतं. भोंग्याआधी एक, भोंग्यानंतर एक, निजताना एक. रात्रीही गोळीची गुंगी उतरायची नाही, पोर मागायचंच नाही. आणि मी मेली म्हणत होते, की मी पाजतेय! आमच्या चाळीतल्या सगळ्याच बाया असंच म्हणत होत्या. जुनं बोलणं खोटं नव्हतं. पण ते ज्या बायांनी केलं, त्यांची पोरं दिवसभर त्यांच्या अंगाला चिकटलेली असायची. आमची पोरं अफूत पडलेली, आणि आम्ही त्याच बोलण्यावर विसंबून बसलेल्या.

खोट दुधात नव्हती. मला हलकं वाटलं आणि त्याच दमात असा संताप आला, की बाळाला पोटाशी धरून मी तरातरा घरी गेले, फळीवरची गोळ्यांची डबी काढली आणि गटारात भिरकावली.

आत्याबाई धावत आल्या. "काय टाकलंस गं? काय टाकलंस?"

"तुमची गोळी. आन उद्यापासनं गिरनीत जानार न्हाय मी. अक्काच्या मालकाला कांड्या भरनारी पायजेल हाय."

"गिरनीची नोकरी सोडतीस? डोस्कं फिरलं का तुजं? खाशील काय, माती?"

"भाकरीसंगं एक कोरड्यास कमी खाईन. पन ह्याला अंगावरनं सोडनार न्हाय."

आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. "माजी समदी लेकरं ह्याच गोळीवर वाढली! मी काय वैरीन हाय व्हय तुज्या पोरांची?"

मालक दारात उभे होते. आज टोपी घालून बाहेर जातील असं वाटलं, पण गेले नाहीत. ते आईला हळू आवाजात म्हणाले, "आये, ही मेली तर तू मला दुसरी बायकू करून देशील. ह्या दोगांना दुसरी आई कुटनं आनशील?"

आमचा माणूस मुलखाचा मुखदुर्बळ. उभ्या जन्मात त्यांनी माझी बाजू घेऊन बोललेलं हे पहिलं वाक्य. आत्याबाई आत गेल्या आणि पुढं आठ दिवस माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी मी रहाटाला निघाले, तर उंबऱ्याशी तांब्या झाकून ठेवलेला. उघडून बघितलं तर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, गरम गरम. हुलग्यानं दूध येतं. त्याच्या पुढच्या दिवशी परत तांब्या. तिसऱ्या दिवशी त्यात गूळ जास्त होता. अबोला अबोल्याच्या जागी, माडगं माडग्याच्या जागी.

रहाटाचं काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. पोरगं सुताला हात घालायचं, सूत तुटायचं. अक्काचा नवरा मागावरून करवादायचा. सुताचा रंग पोराला लागायचा. कधी कानामागं लाल, कधी तळपायाला निळा. थोरली पोरगी टोपलीत बसायची आणि कांड्या ओतून द्यायची. मला भूक लागायची ती राक्षसासारखी, दोन भाकऱ्या आणि शेंगाची चटणी खाऊन उठले की परत भूक. पाठ मोडायची. पण पोर मागेल तेव्हा मी द्यायची. त्याचे हातपाय भरले, मनगटाला वळ्या पडल्या. आणि माझी पाळी येईना. पहिल्या खेपेलाही आली नव्हती, म्हणून मी रोज पोट चाचपून बघायची.

सहाव्या महिन्यात उष्टावण केलं. आत्याबाईंनी खीर केली आणि वाटीभर चारायला निघाल्या. मी म्हटलं, "आदी माजं, मग वाटीतलं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता पेटणार. पण त्या वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "पाज आदी."

अकराव्या महिन्यात मात्र माझी पाचावर धारण बसली. सकाळी उठले आणि मळमळायला लागलं. दोन दिवस, तीन दिवस. भाकरीचा वास नको. मी कुणाला काही बोलले नाही. रहाट फिरवायची आणि दोन्ही पोरांकडं बघायची. थोरली धाकट्याला भरवत होती, आणि मला वाटलं, माझ्या माघारी ही असंच करत बसेल, दोन वर्षांची पोर. चौथ्या दिवशी मी पोराला काखेत मारून दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "काही नाही. पित्त झालंय. रिकाम्या पोटी कामाला बसतेस का?"

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मग मात्र जीभ सुटली. मोरीपासून कांड्यांपर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तू बरोबर ओळखलंस. पोर वरचेवर ओढतं, रात्रीही ओढतं, तोवर शरीर दुसऱ्या मुलाची तयारी करत नाही. पण हे कुलूप नव्हे, नुसती कडी आहे. पहिले सहा महिने ती पक्की असते. पोर जेवायला लागलं, रात्रभर झोपायला लागलं, की सैल होते. पाळी आली म्हणजे निघालीच समज. आणि कधी कधी पाळी यायच्या आधीच निघते, तुझं पहिल्या वेळी झालं तसं. तेव्हा आता नुसत्या पाजण्यावर राहू नकोस. नवऱ्याशी बोल."

नवऱ्याशी बोल म्हणे! पण बोलले. जीव प्यारा होता. अंधारात, तोंड दुसरीकडं करून, चार वाक्यांत सांगितलं. मालक उठले, वळकटी उचलली आणि ओट्यावर जाऊन पसरली.

चाळीतले गडी चिडवायला लागले. "काय राव, घरातनं हाकललं जनू?" मालक शांतपणे म्हणायचे, "आत ढेकनं लई झाल्यात." धाकटा दीड वर्षाचा झाला, संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा उठली आणि त्याच आठवड्यात माझी पाळी आली. मला भीती वाटली नाही. कडी कधी निघाली ते मला या खेपेला कळलं होतं, आणि मालक ओट्यावर घोरत होते. त्या ढेकणांनी आम्हाला पुढंही बरीच सोबत केली. थंडीत मी त्यांच्या अंगावर दुसरी वाकळ टाकायची आणि ते झोपेचं सोंग घ्यायचे.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली तीन वर्षं भरली. त्यांनी परत तपासलं आणि म्हणाल्या, "आता हरकत नाही." त्या दिवशी मी मालकांना सांगितलं, "ढेकनं गेली." पुढच्या वर्षी तिसरी झाली, मुलगी. त्याच दवाखान्यात, त्याच बाईंच्या हाताखाली. भल्या सकाळी गेले आणि दुपारच्या भोंग्याला पोर बाहेर. मीच उठून पाणी मागितलं. डॉक्टरीणबाई आत्याबाईंना म्हणाल्या, "तुमच्या सुनेनं जीव वाचवला हो स्वतःचा." आत्याबाई नुसत्या मान खाली घालून बसल्या. मला वाटलं, मुलगी झाली म्हणून तोंड पाडलंय. मनात म्हटलं, घरी चल म्हातारे, मग बघते.

पाचव्या दिवशी पाचवी पुजायची होती. मी बाळाला घेऊन पडले होते. आत्याबाई कामासाठी घरी आणलेली माझ्या कांड्यांची टोपली ओढून बसल्या आणि एकेक रिकामी कांडी काढून जमिनीवर ओळीनं मांडू लागल्या. नऊ मांडल्या.

"काय करताय आत्याबाई?"

त्यांनी वर बघितलं नाही. "त्या दिशी म्हनले हुते न्हवं मी, माजी समदी ह्याच गोळीवर वाढली म्हनून?"

"आसू द्या की. झालं गेलं."

"समदी न्हाय गं." त्यांनी एक कांडी उचलली आणि टोपलीत टाकली. "हिला गोळी दिली ती उठलीच न्हाय." दुसरी उचलली. "हेच्या पाटचं बिगीनं पोटात ऱ्हायलं, मला दूधच ऱ्हायलं न्हाय. हे वाळून गेलं." तिसरी. चौथी. प्रत्येकीला काहीतरी बोलल्या. सहावी टोपलीत टाकली तेव्हा त्यांचा तो नळापर्यंत जाणारा आवाज मलाही नीट ऐकू येत नव्हता. जमिनीवर तीन कांड्या उरल्या. "तीनच वाढली. मला कुनी सांगितलंच न्हाय गं पोरी. कुनीच न्हाय."

मी हात लांब करून त्यांचा हात धरला. आम्ही दोघी रडलो, मोठ्यानं रडलो. बाळ जागं झालं आणि तोंड फिरवून शोधायला लागलं. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावर ओरडल्या, "बघतीस काय? पाज की तिला!"

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी शेजारची एक बाळंतीण कामावर जाऊ लागली. तिला घरी कुणी नव्हतं, नोकरी सोडायचीही सोय नव्हती. पहिल्याच सकाळी आत्याबाई तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "ती डबी आन हिकडं. आन पोर बी आन." डबी गटारात गेली. पोर आत्याबाईंच्या कडेवर आलं. सकाळी एकदा आणि दुपारच्या सुट्टीत एकदा, उन्हाचं डोक्यावर पदर घेऊन त्या गिरणीच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहायच्या. ती बाई धावत यायची, भिंतीशी बसून पाजायची, परत धावायची. मोरीत जाणारं दूध पोराच्या पोटात जायला लागलं. पुढं त्यांच्या एका कडेवर एक, दुसऱ्या कडेवर दुसरं असायचं. वर्षभरात आणखी चार म्हाताऱ्या त्यांच्यासोबत उभ्या राहू लागल्या, प्रत्येकीच्या कडेवर कुणाचं ना कुणाचं पोर.

फाटकावरचा पहारेकरी नवा होता. पोरं सारखी बदलतात म्हणून तो गोंधळायचा आणि विचारायचा, "म्हातारे, आज हे कुनाचं?"

आत्याबाई म्हणायच्या, "माजंच की."